आमची आकाशांतील शिपाईगिरी

संपादकांचें पत्र आलें कीं, माजी विद्यार्थ्यांनीं आपापल्या उद्योगाविषयीं चार शब्द लिहून पाठवावे. आमच्या वर्गांतील इतर मंडळी काय लिहितील, याचा आम्हांस अंदाज आहे. एक पुण्यास मोटारींच्या कारखान्यांत आहे, एक भुसावळास रेल्वेंत आहे, एकानें नाशकास औषधांचें दुकान घातलें आहे. त्यांच्यापाशीं सांगण्यासारखें पुष्कळ असेल. आम्ही बी. एस्‌सी. होऊन यावल तालुक्यांतील आपल्या गांवीं वडिलांच्या हाताखालीं केळीची शेती शिकत आहों, आणि जळगांव जिल्ह्यांतील पालकांस केळीविषयीं कांहीं सांगण्याचें धैर्य आमच्या अंगीं नाहीं. तेव्हां जो उद्योग आम्हीं आजपर्यंत गांवांत कोणाजवळ उघड केला नाहीं, तोच येथें उघड करतों. आम्ही गेलीं चार वर्षें एका पलटणींत शिपाई आहों. पलटणीची हजेरी रात्रीं एक वाजतां असते.

पालकांनीं दचकूं नये. पलटण आकाशांतली आहे, जहाजें संगणकाच्या पडद्यावरचीं आहेत, आणि आजवर आमच्या अंगाला ओरखडासुद्धां आलेला नाहीं. ज्यांना आला त्यांची हकीकत पुढें येईल.

खेळाचें नांव ‘ईव्ह ऑनलाइन’. उत्तर अटलांटिक महासागरांत आइसलंड म्हणून एक बेट आहे. तेथील सबंध देशाची वस्ती आपल्या एकट्या जळगांव शहराहून कमी भरते. त्या देशाच्या रेक्याविक या राजधानींत सीसीपी नांवाची कंपनी आहे. तिनें मे २००३ मध्यें हा खेळ सुरू केला. यांत सात हजारांहून अधिक सूर्यमाला आहेत. एका मालेंतून दुसऱ्या मालेंत जाण्यासाठीं आकाशांत जणूं वेशी बांधलेल्या आहेत. वेशींतून उडी घेतली कीं आपण पलीकडे. इतर खेळांत खेळाडूंचे निरनिराळे कप्पे पाडलेले असतात. येथें, चीन देशाचा अपवाद सोडला तर, साऱ्या पृथ्वीवरचे खेळाडू लंडन येथील एकाच यंत्रसमूहावर, एकाच आकाशांत वावरतात. जपानी मनुष्यानें खणलेलें खनिज जर्मन मनुष्य विकत घेतो, त्याचें जहाज बांधतो, तें आम्ही घेतों, आणि कोणी ब्राझीलवाला येऊन तें फोडतो. फुटलें तें फुटलें. नवा डाव मांडल्यानें तें परत येत नाहीं. पुन्हां मिळवावें आणि पुन्हां विकत घ्यावें. या एका नियमामुळें त्या खेळांतील भीति खरी असते. वेशीपाशीं एकटें उभें असतां समोरून अनोळखी जहाज आलें, म्हणजे हात खरोखरच कांपतात.

न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयानें २०१२ सालीं चौदा निवडक खेळ आपल्या संग्रहांत घेतले, त्यांत हा एक आहे. हें वाक्य आम्हीं मुद्दाम घातलें आहे. घरीं कोणी रागावलें तर विद्यार्थ्यांस उपयोगीं पडेल. आमच्या घरीं पडलें नाहीं.

आरंभीं सहा महिने आम्ही एकटेच होतों. आकाशांत तरंगणारे खडक फोडावे, खनिज बाजारांत विकावें, चार पैसे गांठीं मारावे, असा आमचा शेतकरी बाणा होता. २०१६ च्या नोव्हेंबरापासून हा खेळ मर्यादित रीतीनें फुकट खेळतां येतो, त्यामुळें खिशाला झळ नव्हती. एके रात्रीं पोटभर खनिज भरलेलें आमचें जहाज दोघां चांच्यांनीं मिळून फोडलें आणि वर ‘लढत छान झाली’ अशा अर्थाचीं दोन अक्षरें लिहून पाठविलीं. लढत कसली? आम्ही त्या वेळीं चुलीपाशीं चहा करीत होतों. दुसरें जहाज घेतलें, तेंही गेलें. तिसऱ्याच्या वेळीं आम्ही चहा केला नाहीं, तरी तें गेलें. तेव्हां समजलें कीं, त्या आकाशांत एकट्या मनुष्याला कष्ट करतां येतात, पण केलेले कष्ट राखतां येत नाहींत. कोणत्या तरी मंडळींत नांव घातल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

अशा मंडळींना खेळांत ‘कॉर्पोरेशन’ म्हणतात. जळगांवकरांस त्या शब्दानें खड्डे आणि नळपट्टी आठवेल, म्हणून आम्ही पलटण हाच शब्द वापरतों. पलटणींच्या जाहिराती पुष्कळ असतात. कोणी हजारों माणसांची सेना मिरवतो, कोणी फुकट जहाजांचें आमिष दाखवितो. आम्हीं निवडलेली मंडळी साठ-सत्तरांची होती. जहाज गेल्याचें ज्याला रडूं येतें त्यानें येऊं नये, एवढीच त्यांची अट होती, आणि आम्ही तोंपर्यंत तिन्ही जहाजांचें रडून मोकळे झालों होतों.

अर्ज केला. शाळेचा प्रवेश, कॉलेजचा प्रवेश, पीककर्ज, या सर्वांचे अर्ज आम्हीं भरले आहेत. इतकी कसून चौकशी कोठेंच झाली नव्हती. वय, देश, मोकळा वेळ. आजवर कोणाकोणाबरोबर होतास? कोणाला पैसे पाठविलेस, कोणाकडून आले? नुसत्या उत्तरांवर त्यांचा विश्वास नव्हता. आमच्या खात्याचे जुने व्यवहार पाहण्याची परवानगी त्यांनीं मागून घेतली आणि तीन दिवस ते वाचले. गमावलेल्या प्रत्येक जहाजाची नोंद तर तेथें कोणालाही वाचतां येते. आपली गुणपत्रिका चावडीवर चिकटविल्यासारखें तें आहे.

हा संशय उगाच नव्हे. २००५ सालीं एका टोळीचे लोक एका मातबर मंडळींत नोकरीस राहिले. सुमारें वर्षभर इमानानें राबले, वरच्या जागीं चढले, आणि ठरल्या दिवशीं त्यांनीं मुख्याचें जहाज फोडून कोठारें धुवून नेलीं. २००९ सालीं त्या काळच्या बलाढ्य संघाचा एक अधिकारी शत्रूस मिळाला आणि त्यानें आंतूनच सारा संघ बरखास्त करून टाकला. तोफांनीं जें वर्षानुवर्षें झालें नव्हतें, तें एका माणसाच्या दोन-चार बोटांनीं झालें. खेळाच्या नियमांत असल्या फसवणुकीस बंदी नाहीं. म्हणून तेथें माणूस पारखून घेणें ही बंदुकीपेक्षांही मोठी विद्या होऊन बसली आहे.

पलटण आणि विश्वास हे दोन शब्द जवळ आले कीं आम्हां खानदेशवासीयांस धरणगांव आठवावें. १८२५ सालीं जेम्स आउट्रम नांवाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें खानदेशांत भिल्लांची पलटण उभारण्यास आरंभ केला, आणि धरणगांव हें पुढें तिचें ठाणें झालें. ज्यांच्याशीं कालपर्यंत लढाई होती, त्यांच्यांतूनच शिपाई घ्यावयाचे होते. आउट्रम त्यांच्यांत मिसळला, त्यांच्याबरोबर शिकारीस गेला, आणि भरवसा बसल्यावर माणसें येऊं लागलीं, असें इतिहासांत वाचतों. पुढें त्याच शिपायांस आपल्या भाऊबंदांवर जावें लागलें, हें मात्र इतिहास थोडक्यांत उरकतो. भरती होणाऱ्यानें काय काय मागें टाकलें, याचा हिशेब भरती करणारे क्वचितच ठेवतात.

असो. शेवटची परीक्षा तोंडी होती. बोलणारा गृहस्थ फिनलंडांत बस चालवितो. आवाजावरून आमच्या वडिलांच्या वयाचा वाटला. त्यानें समजावून सांगितलें कीं, त्या आकाशाचें घड्याळ ग्रीनिचचें असतें. रोज अकरा वाजतां, म्हणजे आपल्याकडे दुपारीं साडेचारास, डागडुजीसाठीं आकाश थोडा वेळ बंद ठेवतात. आणि ताफा साडेसातास निघतो. त्याची बस फिरवून झालेली असते, जेवण झालेलें असतें, तेव्हां त्याच्याकडे रात्रींचे साडेदहा वाजलेले असतात, आणि आमच्याकडे एक. मग त्यानें विचारलें, “इतक्या रात्रीं तूं जागतोस, हें तुझ्या घरीं ठाऊक आहे ना?”

आम्हीं हो म्हटलें.

तीन दिवस आमचे सगळे व्यवहार चाळून जें त्यांना सांपडलें नव्हतें, तें खोटें आम्हीं त्या एका अक्षरांत सांगितलें, आणि पलटणींत आमचें नांव दाखल झालें.

आतां शिपाईगिरीविषयीं. पहिली अडचण इंग्रजीची. आपल्या शाळेंत इंग्रजी व्याकरण उत्तम शिकवितात. कर्तरीचें कर्मणी करावयास सांगा, आम्ही झोंपेंतही करूं. परंतु रात्रीं दीड वाजतां फिनलंड, पोलंड आणि स्कॉटलंड येथील तिघे जण एकदम बोलूं लागले, म्हणजे कर्ताही कळत नाहीं आणि कर्मही कळत नाहीं. पहिल्याच मोहिमेंत नायक म्हणाला, “उडी घेऊं नका.” आम्हांस त्यांतील ‘उडी’ तेवढी ऐकूं आली. आम्ही घेतली. वेशीपलीकडे शत्रूचीं चाळीस जहाजें उभीं होतीं. त्यांनाही क्षणभर आश्चर्य वाटलें असावें. जहाज गेलें, आणि ताफा वेशीजवळ आहे हें शत्रूस कळलें तें निराळेंच. आम्ही काढून टाकले जाण्याची वाट पाहत बसलों होतों. बसचालक म्हणाला कीं, चूक नायकाची आहे. ‘उडी’ हा शब्द उडी घ्यावयाची असेल तेव्हांच उच्चारावा, एरवीं ‘थांबा’ म्हणावें, हा जुना दंडक आहे. त्या दिवसापासून आम्हीं त्या माणसाचें जहाज कधीं एकटें सोडलें नाहीं.

एका चुकीच्या उडीनें केवढें रामायण होतें, याचें उदाहरण त्या खेळाच्या बखरींत आहे. २०१३ च्या जानेवारींत असाकाइ नांवाच्या ठिकाणीं एका सर्वांत मोठ्या जातीच्या जहाजाच्या चालकाला आपल्या ताफ्यास दूर पोंचवावयाचें होतें. त्यानें भलतीच आज्ञा दाबली. ताफा जागच्या जागीं राहिला आणि तो स्वतः एकटा शत्रूच्या मध्यें जाऊन उतरला. त्याला सोडवावयास हे धांवले, मारावयास ते धांवले, आणि हजारों माणसें लढलीं. पुढच्याच वर्षीं, २७ जानेवारी २०१४ रोजीं, याहून मोठें युद्ध पेटलें, तें एका सूर्यमालेचें भाडें वेळेवर भरलें गेलें नाहीं म्हणून. एकवीस तास तें चाललें. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू त्यांत गुंतले आणि त्या सर्वांत मोठ्या जातीचीं पंचाहत्तर जहाजें फुटलीं. अशी गर्दी झाली म्हणजे यंत्राला दम लागतो. मग काळच सावकाश चालूं लागतो, आणि दहा सेकंदांची गोष्ट शंभर सेकंदांत घडते. आपल्या हातून निसटत चाललेली लढाई इतक्या संथपणें पाहणें ही मोठीच शिक्षा असली पाहिजे. विजेचें बिल वेळेवर भरण्याविषयीं आमचे वडील जें सांगत असतात, त्याला या युद्धाचा दाखला आम्हीं मनांतल्या मनांत जोडून ठेवला आहे.

आमच्यासारख्या नवख्यास या सैन्यांत काय काम? पुष्कळ आहे, आणि तें शाळेच्या पटांगणावर हुतूतू खेळलेल्यास चटकन् समजेल. मोठें जहाज हरूं लागलें कीं पळून जातें. तें पळूं नये म्हणून कोणीतरी लहान, चपळ जहाज घेऊन त्याच्या अंगाशीं जाऊन त्याला अडकवून धरावें लागतें. धरणारा बहुधा मरतो. पण त्यानें पाव मिनिट धरून ठेवलें, तर मागून येणारे मोठे भिडू काम पुरें करतात. वसतिगृहांत आम्ही अंगानें सर्वांत किरकोळ होतों आणि घोटा पकडण्यांत सर्वांत पटाईत. अंगावर सात जण पडेपर्यंत घोटा सोडावयाचा नाहीं, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. त्या विद्येचें आकाशांत चीज झालें. वर्षभरांत आमचीं चाळीसएक जहाजें फुटलीं. फुटलेल्या जहाजाचे पैसे पलटण भरून देई, कारण आम्हीं धरलेला शत्रू सहसा सुटत नसे.

पुढें आम्हांस टेहळणीवर घेतलें. ताफ्याच्या पुढें एकट्यानें जावें, वेशीपासून दूर उभें राहावें, कोण आला, किती आले, कोणतीं जहाजें आहेत, तेवढें सांगावें आणि गप्प बसावें. हें काम मागण्याची रीत साधी आहे. नायक विचारतो, अमुक वेशीवर शेवटपर्यंत कोण थांबेल? ज्याची तयारी असेल त्यानें एक फुली लिहावी. ती फुली म्हणजे शब्द दिला. बालवीरांच्या छावणींत आम्ही तंबूबाहेर पहाऱ्यास उभे राहत असूं, आणि बदली आल्याशिवाय जागा सोडावयाची नाहीं असें आम्हांस शिकविलें होतें. तेथें आम्हीं पेंगत पेंगत कां होईना, पण ती कधीं सोडली नव्हती.

आतां ती रात्र. २०२३ सालचा एप्रिल महिना होता. आमच्याकडे गांवठाणाची वीज निराळी आणि शेतपंपाची निराळी. शेतपंपाची एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्रीं, अशी पाळीनें येई. तो आठवडा रात्रींचा होता. दिवसा ऊन असें कीं केळीचीं पानें दुपारपर्यंत मिटून जात. एका रात्रींचें पाणी चुकवून भागण्यासारखें नव्हतें. ठिबकच्या नळ्या असल्या तरी माणूस लागतोच. मोटर चालू करावी, गाळणी धुवावी, एका तुकड्याचें पाणी पुरें झालें म्हणजे व्हाल्व्ह फिरवून दुसऱ्या तुकड्यास सोडावें. रोज वडिलांबरोबर सालदार जात असे. त्या दिवशीं तो लग्नाला गेला होता.

वडिलांना आम्ही नाना म्हणतों. साडेबाराच्या सुमारास नाना आमच्या खोलीच्या दारांत आले. “भो, चालतो का? सालदार नाही आज.”

आम्हीं नुकतीच फुली लिहिली होती. म्हटलें, “तुम्ही व्हा पुढं नाना, दहा मिनिटांत आलोच.”

नाना बॅटरी घेऊन गेले. आम्हीं कानांवर हेडफोन चढविला.

त्या रात्रींची मोहीम मोठी होती. ताफा एका वळणाआड दबा धरून होता. शत्रू कोणत्या वेशीनें येईल तें ठाऊक नव्हतें, आणि दोन वेशींवर दोनच टेहळे होते. नायकानें सर्वांस गप्प राहण्याची आज्ञा केली. उठून जावें तर एका बाजूचे डोळे काढून नेल्यासारखें होतें. दहा मिनिटें झालीं, वीस झालीं, तास होत आला. दोनला दहा कमी असतां वेस चमकली आणि शत्रू आमच्याच बाजूनें आला. आम्हीं मोजलीं: बावीस जहाजें. जात सांगितली, दिशा सांगितली; या वेळीं इंग्रजी अडखळलें नाहीं. पुढचा अर्धा तास आम्हांस स्वप्नासारखा आठवतो. त्यांचीं सतरा जहाजें फुटलीं, आमचीं चार. बसचालकानें सर्वांच्या देखत आमचें नांव घेऊन शाबासकी दिली, आणि साठ जण आपापल्या देशांत बसून टाळ्या वाजवीत होते. शाळेंत सहा वर्षांत बक्षीससमारंभाच्या मंचावर आम्ही एकदांही चढलों नव्हतों. त्या रात्रीं चढल्यासारखें वाटलें.

हेडफोन काढला तेव्हां दोन वाजून पस्तीस मिनिटें झालीं होतीं. मोबाईल उशीखालीं होता. त्यावर नानांचे सात फोन येऊन गेले होते. पहिला एक वाजून वीस मिनिटांनीं.

शेत दीड किलोमीटर आहे. मोटारसायकल कशी काढली तें आठवत नाहीं. पंपाच्या खोलींत दिवा होता, नाना नव्हते. हांका मारल्या. दुसऱ्या तुकड्याच्या कडेनें उत्तर आलें, अगदीं नेहमींच्या आवाजांत. व्हाल्व्हच्या खड्ड्याशीं चिखल झाला होता; त्यांत पाय घसरून घोटा मुरगळला होता, आणि बॅटरी पाण्यांत पडून विझली होती. बांधाला टेकून, एक पाय लांब करून, ते अंधारांत बसले होते. मोबाईल हातांत होता, पण चार्जिंग संपेल म्हणून त्याचा उजेड केला नव्हता. सातपुड्याचा पायथा आमच्या शेतापासून लांब नाहीं. त्या भागांत बिबट्या फिरतो, हें गांवांतलें लहान मूलही जाणतें.

आम्ही जवळ गेलों तेव्हां नाना म्हणाले, “आधी व्हाल्व्ह फिरव. दोन नंबरला पाणी गेलंच नाही.”

आम्हीं व्हाल्व्ह फिरविला. मग त्यांना पाठीवर घेऊन बाहेर आणलें. सकाळीं क्ष-किरणांचें चित्र काढलें. घोट्याचें हाड तडकलें होतें. सहा आठवडे प्लास्टर.

घरीं आणून खाटेवर टेकविल्यावर त्यांनीं विचारलें, “काय करी र्‍हायला होता रे भो?”

आम्हीं सगळें सांगितलें. आकाश, वेशी, फुली, बावीस जहाजें, कांहीं ठेवलें नाहीं. आई दारांत उभी राहून ऐकत होती. ती मध्येंच उठून गेली आणि चहा आणून तिनें तो आमच्यापुढें नेहमींपेक्षां जरा जोरानें ठेवला. नाना बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “पगार किती देतात?” पगार नाहीं, असें सांगितलें. “मग इतकं मन लावून करतो?” एवढेंच त्यांनीं विचारलें. तें त्यांनीं रागानें विचारलें कीं आणखी कशानें, हें आम्हांस अजून उमगलेलें नाहीं.

दुसऱ्या रात्रींपासून पाण्याची पाळी आमची झाली. पंपाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून आम्हीं मोबाईलवर बसचालकाला पत्र लिहिलें: घरीं ठाऊक आहे असें तुला सांगितलें तें खोटें होतें, वडील पडले, यापुढें वीज रात्रींची असेल त्या आठवड्यांत आम्ही येऊं शकणार नाहीं, पलटणीच्या नियमांत हें बसत नसेल तर नांव काढावें. लिहितांना बडतर्फीची खात्री होती. खोटें बोलणारा टेहळ्या कोणत्या सैन्याला हवा असतो?

तेथील लोक निव्वळ खेळगडी आहेत, पडदा मिटला कीं कोण कोणाचा, असें आम्ही तोंपर्यंत धरून चाललों होतों. तसें नाहीं, हें दाखविणारी एक गोष्ट आम्हीं पुढें वाचली. शॉन स्मिथ नांवाचा अमेरिकन वकिलातींतील अधिकारी या खेळांत एका मोठ्या संघाच्या तहाच्या वाटाघाटी करीत असे. ११ सप्टेंबर २०१२ रोजीं लिबियांतील बेनगाझी येथील हल्ल्यांत तो मारला गेला. तेव्हां त्या आकाशांत मित्रांनीं आणि शत्रूंनींही आपापल्या ठाण्यांचीं नांवें पुसून तेथें त्याचें नांव लिहिलें. रेक्याविकच्या बंदरावर २०१४ सालीं खेळाडूंच्या नांवांचें एक स्मारकही उभारलें आहे. जगांतील पुष्कळ बंदरांवर बुडालेल्या खलाशांचीं नांवें कोरलेलीं असतात. येथें न बुडालेल्यांचीं आहेत.

बसचालकाचें उत्तर दोन दिवसांनीं आलें. टेहळणीवरून आम्हांस तीन महिने काढलें होतें. खोट्याबद्दल तेवढी शिक्षा त्याला योग्य वाटली, आणि आम्हांसही वाटली. नांव काढलें नव्हतें. खालीं त्यानें विचारलें होतें कीं, विजेचे आठवडे कसे येतात त्याचा तक्ता पाठवशील काय? त्यालाही आलटून पालटून रात्रपाळी असते. तक्ता असला म्हणजे सोयीचें पडतें. तेव्हांपासून पलटणीच्या हजेरीपटावर आमच्या नांवापुढें एक आठवडा रिकामा असतो, आणि त्यांत ‘पंप’ असें लिहिलेलें असतें. नवीन आलेला शिपाई कधीं कधीं विचारतो कीं, हें कोणतें शस्त्र?

प्लास्टरच्या सहा आठवड्यांत नानांना खाटेवर दिवस जाईना. दिवसाच्या विजेचा आठवडा आला कीं रात्रीं ते आपली खाट आमच्या खोलींत घ्यावयास लावीत आणि पडद्याकडे पाहत पडत. एकदां आमचें जहाज फुटलें. नाना म्हणाले, “विमा असतो का याचा?” असतो, म्हटलें, फुटतांक्षणीं पैसे जमा होतात. “पंचनामा?” नाहीं. “सात-बारा, फोटो, काही नाही?” नाहीं. नाना उठून बसले. ज्यानें केळीचा विमा कधीं मागून पाहिला आहे, त्या वाचकास त्यांच्या चेहऱ्याचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. पडद्यावरच्या साऱ्या आकाशांत त्यांना पटलेली ती पहिली गोष्ट होती.

दुसरी गोष्ट इक्वेडोरची. आमच्या पलटणींत त्या देशाचा एक मुलगा आहे. केळीची निर्यात करण्यांत इक्वेडोर साऱ्या जगांत पहिला, आणि पिकविण्यांत आपला भारत पहिला. हें आम्हीं सहज बोलून गेलों आणि पस्तावलों. त्या दिवसापासून नाना आमच्यामार्फत त्याला प्रश्न पाठवीत असतात. त्याच्या मामाची केळीची बाग आहे. दोन झाडांत अंतर किती ठेवतां? घड किती दिवसांत उतरतो? आणि सर्वांत मुख्य, करपा तुमच्याकडेही पडतो का? ताफा जमेपर्यंत मोकळा वेळ असतो. तेवढ्यांत हा व्यवहार उरकावा लागतो. साठ शिपाई शस्त्रें परजून बसलेले असतात आणि आम्ही फवारणीच्या औषधांचीं नांवें इंग्रजींत सांगत असतों.

गेल्या पौषांत असेंच झालें. त्या मुलानें उत्तर दिलें कीं, त्यांच्याकडेही करपा पडतो, आणि मोठ्या बागांवर विमानानें औषध फवारतात. नाना आतां चांगले चालतात, पण दिवसाच्या विजेच्या आठवड्यांत त्यांची खाट अजून आमच्याच खोलींत असते. आम्हीं भाषांतर करून सांगितलें. “विमानानं?” नाना म्हणाले, “एकरी खर्च किती, विचार त्याला.” आम्ही विचारणार तोंच बसचालकानें ताफ्याला गप्प केलें. शत्रू वेशीपलीकडे दिसला होता, आणि टेहळणीवर पुन्हां आम्हीच होतों.

“काय म्हणाला?” नानांनीं विचारलें.

आम्हीं ओठांवर बोट ठेवलें, एका कानावरचा हेडफोन बाजूला सरकविला, आणि वेशीकडे पाहूं लागलों.